पॅनलच्या आधी गच्ची

"सोलर बसवून घ्या आणि एसी बिनघोर चालवा." बऱ्हाणपुरात सध्या घर बांधायला काढलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला हा सल्ला मिळतो. कधी तो पॅनल विकणारा देतो, कधी ठेकेदार, कधी नुकतंच घर बांधून मोकळा झालेला मेहुणा. युक्तिवाद सगळ्यांचा एकच, आणि वरवर पाहिलं तर बिनतोड. ऊन आपल्याकडे उदंड आणि फुकट. सरकार पैसे देतंय. दिवसा मीटर उलटा फिरतो, महिनाअखेर बिल नावापुरतं येतं. मग भिंत कुठल्या दिशेला, गच्चीवर कोणता थर, खिडकीला काच किती, असला घोळ घालायचाच कशाला? घर कसंही बांधा. तापलं तर यंत्र गार करील, आणि यंत्राला सूर्य पोसेल.

या युक्तिवादात खोटं असं फार थोडं आहे, म्हणूनच तो खोडून काढणं जरा कष्टाचं काम आहे. अनुदान खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये घरमालकाच्या खात्यात येतात. एसी ही चैन राहिलेली नाही, हेही खरं. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि रात्रही तापलेलीच राहते, तेव्हा सत्तरीच्या आजीला "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं" असं ऐकवणं निर्दयपणाचं आहे. तेव्हा माझं भांडण सोलरशी नाही, एसीशीही नाही. भांडण आहे ते क्रमाशी. जे शेवटी करायचं ते आपण आधी करतो, आणि जे आधी करायचं ते करतच नाही.

गच्चीपासून सुरुवात करू, कारण बऱ्हाणपूरच्या घरातली निम्मी लढाई तिथेच हरली जाते. आपलं गाव सव्वाएकवीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर तो किंचित उत्तरेला सरकतो. म्हणजे ज्या दिवसांत घर सर्वांत तापतं, त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर माध्यान्हीचं ऊन जवळजवळ पडतच नाही. ते सगळं झेलते गच्ची, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंती. आता या गच्चीवर आपण काय ठेवतो? चार-पाच इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब, वर उतारासाठी कोबा, आणि त्यावर करडी सिमेंटची फिनिश, जिच्यावर मेमध्ये दुपारी दोन वाजता अनवाणी दोन पावलंही टाकता येत नाहीत. त्या पृष्ठभागाचं तापमान सहज साठ अंशांच्या वर जातं. काँक्रीट उष्णता अडवत नाही, नुसता उशीर लावतं. बाराच्या उन्हाचा दाह खोलीत उतरतो तो संध्याकाळी, आणि मग रात्रभर उतरतच राहतो. रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावून पाहा. पंखा कितीही जोरात फिरवला तरी तो त्या छताखालचीच हवा अंगावर टाकत असतो.

यात आकडे घालून पाहू. हजार चौरस फुटांच्या उघड्या स्लॅबमधून मेच्या दुपारनंतर सात-आठ किलोवॅट उष्णता खाली येते, असा ढोबळ हिशोब निघतो. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं चालला तर साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे पहिला एसी अख्खा आणि दुसऱ्यातला निम्मा हा माणसांसाठी चालतच नाही, तो स्लॅबच्या सेवेत असतो. याच गच्चीवर जलरोधक थर, त्यावर दोन इंची फोमच्या पाट्या, मग पातळ काँक्रीट आणि सर्वांत वर पांढऱ्या फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवली, तर तीच उष्णता दीड-दोन किलोवॅटच्या खाली येते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छतातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, अशी मर्यादा आहे. नुसता स्लॅब या मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो, आणि दोन इंची फोम तिच्या निम्म्याखाली आणतो. यात रॉकेट उडवण्यासारखं काही नाही. चिनी फरशी बसवणारे गवंडी बऱ्हाणपुरात आहेत, भुसावळात आहेत, जळगावात तर गल्लोगल्ली आहेत. फुटक्या कपबश्या नि टाइल्सचे तुकडे पाण्यात भिजवून, ओल्या सिमेंटवर एकेक दाबत ते ज्या वेगानं पुढे सरकतात ते पाहत राहावं असं असतं. एकच गोष्ट बजावून करून घ्यावी लागते. रंगीबेरंगी तुकड्यांचं फूल-बील काढू नका, सगळे पांढरेच लावा. दिसायला साधं दिसतं म्हणून घरच्या बायकापुरुषांचा हिरमोड होतो खरा. पण गच्ची पाहायला कोण येतं, कावळे?

थर स्लॅबच्या वर असला पाहिजे, खाली नव्हे. आतून फॉल्स सीलिंगमध्ये थर्माकोल घातलं की काम झालं, असं सांगणारे बरेच भेटतात. त्यानं स्लॅब तापायचा थांबत नाही. तो तापतो, फुगतो, रात्री आकसतो, वर्षानुवर्षं असा ताणला गेला की चिरतो आणि मग गळतो. वरून झाकलेला स्लॅब मात्र घराच्या आतल्या तापमानाशी जोडलेला राहतो. हा फरक पुढे एसीच्या हिशोबात फार कामाला येणार आहे.

इथे सोलरवाल्यांचं एक उत्तर तयार असतं, आणि ते चुकीचं नाही: पॅनलची सावली पडते ना गच्चीवर! पडते. उंच सांगाड्यावर बसवलेल्या पॅनलखालची जागा खरोखर गार राहते. पण तीन किलोवॅटचे पॅनल म्हणजे आजच्या मापाच्या सहा पाट्या, जेमतेम पावणेदोनशे चौरस फूट. हजार फुटांच्या गच्चीचा सहावा हिस्सा झाकला, आणि उरलेले पाच हिस्से तव्यासारखे तापतच राहिले. सावली हवी म्हणून गच्चीभर पॅनल लावा म्हणाल, तर अनुदान तीन किलोवॅटपाशी संपतं.

आता पॅनलच्या कमाईकडे वळू. आपल्या भागात एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतो. तीन किलोवॅटांचे बारा. हे ऐकून लोक समजतात की उन्हाळ्यात सर्वांत जास्त वीज मिळणार. तसं होत नाही. पॅनलला प्रकाश आवडतो, ताप आवडत नाही. पॅनलच्या पेशी पंचवीस अंशांच्या वर गेल्या की दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का उत्पादन घटतं. मेच्या दुपारी त्या पेशी पासष्टला पोचतात आणि सात-आठ हिश्श्यांतला एक हिस्सा तिथेच गळतो. फेब्रुवारी-मार्चमधली कोवळी, स्वच्छ उन्हं त्यांना जास्त मानवतात. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलं की बाराचे सात-आठ होतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत हवेत दमटपणा असतो, कूलर हात टेकतो आणि एसी सुरू ठेवावासा वाटतो.

याच्याही पुढची गोष्ट अशी की एसी चालतो रात्री आणि पॅनल कमावतो दिवसा. झोपायच्या दोन खोल्यांतले दोन एसी रात्री आठ-आठ तास चालले, आणि डोक्यावर तोच तापलेला स्लॅब असला, तर पंधरा-सोळा युनिटं सहज जातात. पंखे, फ्रीज, पाण्याची मोटर, टीव्ही हे सगळं वेगळं. बारा युनिटांच्या कमाईवर वीस युनिटांचा खर्च. "मग पाच किलोवॅट बसवा," असं उत्तर येतं. म्हणजे घराची गळकी टाकी तशीच ठेवून नळाला मोठा पाइप लावायचा.

रात्रीच्या या विजेचा हिशोब नेट मीटरिंगनं आपल्यापासून झाकून ठेवला आहे. दिवसा दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट सारखंच, असं ते मानतं. कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात रात्रीचं युनिट येतं कुठून? शेजारच्या खंडवा जिल्ह्यातली दोन मोठी विजेची केंद्रं पाहा. ओंकारेश्वरला नर्मदेच्या पाण्यावर तरंगणारा सौर प्रकल्प आणि सिंगाजीचं २,५२० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र. निमाडच्या लाडक्या संताचं नाव कोळशाच्या धुराड्याला द्यायची कल्पना कुणाची होती कोण जाणे. सूर्य मावळला की तरंगणारे पॅनल झोपतात, आणि रात्री एसीचा खटका दाबला की भार जातो तो सिंगाजीसारख्या केंद्रांवर. "माझा एसी सूर्यावर चालतो" असं म्हणणारा माणूस रात्री दहानंतर कोळशावर झोपलेला असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण निदान तसं म्हणू तरी नये.

शिवाय दिवस-रात्रीची ही बरोबरी कायम राहणार, असं गृहीत धरून पंचवीस वर्षांचं घर बांधणं धोक्याचं आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक-हक्कांच्या नियमांत बदल केला. त्यात दिवसाच्या वेळेनुसार वेगळे दर लावण्याची तरतूद आहे: उन्हाच्या तासांत स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत महाग. स्मार्ट मीटर ज्या वेगानं बसत आहेत त्या वेगानं ते वळण घरापर्यंत येणार. तेव्हा दुपारी विकलेलं युनिट स्वस्तात जाईल आणि रात्री घेतलेलं महागात पडेल. ज्याचं घर रात्री आपोआप गार राहतं, त्याला या बदलाची भीती नाही. ज्याचं घर रात्रभर यंत्रावर टिकून आहे, त्याचं गणित त्या दिवशी कोसळेल.

आणि आता वरून झाकलेल्या स्लॅबचा उपयोग. असं घर दुपारी दोन ते पाच, म्हणजे आपले पॅनल भरपूर वीज देत असताना, एका एसीनं गार करून ठेवता येतं. भिंती आणि स्लॅब हा गारवा धरून ठेवतात, कारण बाहेरून त्यांना कुणी तापवत नाही. मग रात्री पंखा पुरतो, फारतर पहाटेपर्यंत एसी २६ वर. सूर्याची वीज सूर्याच्याच वेळेत वापरायची ही युक्ती उघड्या स्लॅबच्या घरात चालत नाही. तिथे दुपारी केलेला गारवा संध्याकाळपर्यंत स्लॅबच गिळतो. म्हणजे सोलरचा खरा फायदा घ्यायचा असला तरी आधी गच्चीच नीट करावी लागते. सोलरवाल्यांनी माझ्याशी भांडण्याऐवजी माझ्या बाजूनं बोलायला हवं.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. अनुदानातून बसणारी साधी यंत्रणा वीज गेली की बंद पडते. भर दुपारी, कडक उन्हात, डोक्यावर सहा पाट्या चमकत असताना घरात पंखा फिरत नाही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि ते योग्यच आहे. बॅटरी किंवा वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर घेतला तर वीज राहते, पण त्याचा खर्च अनुदानाच्या जाहिरातीत नसतो. पहिल्या वादळात वीज गेली की घरात जो गोंधळ उडतो, तशी दुपार बऱ्याच घरांनी पाहिली आहे. त्या दुपारी घर गार ठेवू शकतात ती फक्त भिंत, छत आणि खिडकी.

भिंतीचं बोलायचं तर पश्चिमेचं बोलू. बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर हा सगळा केळीचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून येणाऱ्या झळांनी केळीची पानं फाटतात, घड काळवंडतात. म्हणून शेतकरी बागेच्या कडेनं शेवरी लावतो, गजराज गवताची दाट रांग उभी करतो, हिरवी नेट बांधतो, घडावर कोरड्या पानांची झूल टाकतो. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच शेतकरी गावात प्लॉट घेऊन बंगला बांधतो तेव्हा पश्चिमेला दर्शनी भिंत ठेवतो, तिच्यात सहा फुटी निळी काच बसवतो, बाहेर टाइल्स लावतो आणि अंगणात सिमेंट ओततो. केळीच्या घडाला जी काळजी मिळते ती आईवडिलांच्या झोपायच्या खोलीला मिळत नाही. इंदूर-इच्छापूर रस्त्यालगतच्या नव्या वसाहतींतून संध्याकाळी पाचला एक चक्कर मारली की अशा काचा उन्हात तळपताना दिसतात. त्या काचांच्या मागे एसीचे डबे भिंतीला लटकलेले, आणि प्रत्येक डबा शेजारच्या खिडकीत गरम हवा ओकत असतो.

पश्चिमेच्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही, हे आपल्याकडच्या बऱ्याच नकाशांत दिसत नाही. चार वाजता सूर्य खाली आलेला असतो, तो दोन फुटी छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरतो. तिथे उभा आडोसा लागतो: विटांची जाळी, बाहेरून लावलेल्या बांबूच्या चिका, वेल चढवलेली चौकट, किंवा जागा असेल तर कडुलिंबाचं झाड. आतून लावलेला जाड पडदा उन्हाला नव्हे, फक्त उजेडाला अडवतो. काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. दक्षिणेला उलट, छोटासा छज्जाही पुरतो. उन्हाळ्यात तिथे ऊन नाहीच, आणि थंडीत माध्यान्हीचा सूर्य पंचेचाळीस अंशांवर असतो, तो खिडकीतून आत येऊ द्यावा. पश्चिमेला झोपायची खोली न ठेवता जिना, न्हाणीघर, माळा, कोठार ठेवावं, हे तर पैसाही न घालता करता येतं. नकाशावर पेन्सिलनं फिरवायचं, बस्स.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण त्यांनाही माझं लिहिणं आवडणार नाही. हे लोक म्हणतात, यंत्रंच नकोत, जुन्याकडे चला. आपल्या शहरातली जुनी घरं पाहा, खानदेशातली धाब्याची घरं पाहा, फूट-दीड फूट मातीच्या छताखाली कसं गार वाटायचं! मग कुंडी भंडाऱ्याचं उदाहरण हमखास येतं. १६१५ च्या सुमारास खानखाना अब्दुल रहीम इथे असताना तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञानं सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, शंभराहून अधिक कुंड्या खोदून, नुसत्या उतारावर शहरात आणलं. त्याचं कौतुक मलाही आहे. पण कौतुक आणि नक्कल यांत फरक आहे. कुंडी भंडाऱ्यात खाली उतरलं की गार वाटतं म्हणून "घराखाली बोगदा खणून हवा आणा" असं सुचवणारेही भेटतात. जमिनीखाली खोलवर तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, आणि ते त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं, आपल्याकडे सव्वीस-सत्तावीस अंश. मेमध्ये ते सुखद, पावसाळ्यात मात्र त्या नळांत ओल धरते आणि वास येतो. एवढ्या खोदाईच्या पैशात गच्ची आणि पश्चिम दोन्ही नीट करता येतात.

धाब्याच्या घराची आठवण काढणाऱ्यांनी त्याची मजुरीही आठवावी. दर वर्षी मृगाच्या आधी पांढरी खारी माती आणून छतावर पसरायची, धुमसायची, पाऊस सुरू झाला की कुठे टपकतंय ते शोधत रात्र काढायची. हे काम करणारे घरचेच हात असायचे, आणि बहुतेक वेळा बायांचे. शिवाय तापीच्या खोऱ्यात काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दीड फुटी दगडी-मातीच्या भिंतींचं वजन त्या मातीवर टिकवायचं तर पाया खोल न्यावा लागतो, आणि आजच्या मजुरीत तो खर्च मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर आहे. आणि शनवारा दरवाज्याच्या आतल्या जुन्या शहरातली घरं गार वाटतात त्यात भिंतींइतकाच वाटा गल्लीचा आहे. अरुंद बोळात एक घर दुसऱ्यावर सावली धरतं. नव्या वसाहतीत तीस फुटी रस्त्यावर एकेकटं उभं राहिलेलं घर जुन्या वाड्याची भिंत उचलून आणून गार होणार नाही.

जुन्यातून उचलण्यासारखं आहे ते तत्त्व, साहित्य नव्हे. लॉरी बेकरने केरळात विटांची पोकळ रचना वापरली, ती इथेही चालते. विटा उभ्या मांडून मध्ये पोकळी ठेवायची, विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि मधली हवा ताप अडवते. मात्र ती रचना बांधणारा गवंडी मिळाला पाहिजे. नाहीच मिळाला तर औष्णिक केंद्रांची राख शेजारीच आहे, भुसावळच्या दीपनगरची आणि सिंगाजीची. तिच्या विटा आणि ठोकळे मिळतात. हवा भरलेल्या हलक्या ठोकळ्यांची आठ इंची भिंत नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी कमी तापते, आणि काळ्या मातीवर तिचं वजनही कमी पडतं.

मग यंत्रं. आपल्याकडे एकच उन्हाळा नाही, दोन आहेत, आणि त्यांना एकच औषध चालत नाही. मेचा कोरडा उन्हाळा कूलरचा. हवा ४३ अंश आणि ओलावा पंधरा-वीस टक्के असला तर चांगल्या पॅडचा कूलर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची हवा देतो, दोनशे वॅटच्या आसपास विजेत. एसीला त्याच्या पाच-सहा पट लागते. तरी लोक म्हणतात कूलरनं चिकचिक होते. होणारच, कारण समोरची खिडकी बंद करून बसतात. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट लागते. वाट नसली की खोलीत ओल साचते, आणि दोष कूलरला. पाण्याचा हिशोबही ठेवावा. मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पितो, तेव्हा तो दिवसभर, रिकाम्या खोलीत चालवू नये. जुलै ते सप्टेंबरचा दमट उन्हाळा मात्र एसीचा आणि पंख्याचा. तेव्हा कूलर हवेतला ओलावा आणखी वाढवतो. एका खोलीत, घट्ट बंद होणाऱ्या खिडक्यांसह, एक टनाचा चांगल्या तारांकनाचा एसी त्या तीन महिन्यांना पुरतो. खोलीत गच्चीचा ताप येत नसेल तर एक टन पुरतो, येत असेल तर दीड टनही अपुरा. पुन्हा गच्ची आलीच.

पंख्याची गोष्ट लहान आहे म्हणून कुणी सांगत नाही. जुना छतपंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, नवा बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. पाच पंखे दिवसाला बारा तास चालले तर महिन्याला ऐंशी युनिटांचा फरक पडतो. मध्य प्रदेशात दीडशे युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला पहिल्या शंभर युनिटांचे शंभर रुपये लागतात. म्हणजे दोनशे वीस युनिटांवर असलेलं घर नुसते पंखे बदलून उन्हाळ्यात त्या रेषेच्या आत येऊ शकतं. पॅनल विकणारा हे सांगणार नाही, कारण दीडशेच्या आतल्या घराला पॅनलची घाई नसते. तो तुमचं गेल्या वर्षीचं बिल पाहून पॅनलचं माप ठरवतो. त्या बिलात तापलेल्या स्लॅबचा, काचेचा आणि पाच जुन्या पंख्यांचा खर्च मिसळलेला असतो. बिल आधी आटवा, मग माप घ्या. तीन किलोवॅटच्या जागी दीड-दोन पुरतील, आणि त्या मापात अनुदानाचा वाटाही किमतीच्या मानानं जास्त पडतो.

एका मुद्द्यावर मला खरोखर चीड येते. गच्चीवरच्या पॅनलचं अनुदान त्यालाच मिळतं ज्याच्या नावावर पक्कं छत आहे. बऱ्हाणपूर हे यंत्रमागाचं गाव. हजारो कुटुंबांत घर आणि लूम एकाच पत्र्याखाली असतात. वरून तापलेला पत्रा, आत मोटारींचा ताप, हवेत सुताचे तंतू, आणि बारा तासांची पाळी. या छतावर पॅनल चढत नाही, कारण पत्रा तो पेलत नाही आणि घर बहुधा भाड्याचं असतं. एअर कंडिशनरचं तर नावच नको. पण पत्र्याला पांढरा परावर्तक रंग लागतो, आणि तो लावला की पत्र्याचा ताप ठळकपणे उतरतो. अहमदाबादने २०१० च्या उष्म्याच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांतली छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. एका तीन किलोवॅटच्या बंगल्याला मिळणाऱ्या ७८,००० रुपयांत अशा किती पत्र्यांना रंग लागेल, याचा हिशोब कुणी तरी मांडावा.

माझी मागणी एवढीच आहे. नव्या घराला पॅनलचं अनुदान देताना छतासाठी इको निवास संहितेची १.२ ची मर्यादा अट म्हणून लावा. यावर ऐकू येईल की अटी घातल्या की योजना रेंगाळते, लक्ष्य गाठलं जात नाही, गरिबाला त्रास होतो. गरिबाचं छत या योजनेत बसतच नाही, ते वर सांगितलं. उरला मध्यमवर्गीय बंगलेवाला, जो वीस-पंचवीस लाखांचं घर बांधतोय आणि नकाशाची फी भरतोय. त्या नकाशात गच्चीचा एक छेद काढून कोणता थर किती जाड, एवढं लिहायला वास्तुविशारदाला अर्धा तास पुरतो. ज्याला तो अर्धा तास जड जातो, त्याला ७८,००० रुपये कशासाठी द्यायचे?